टॉवेलच्या मागावरून ८ मिनिटांची इलेक्ट्रोअकूस्टिक रचना: सगळं गढूळ होतंय, कुठे चुकतंय?

आडवा_धागा

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या टॉवेलच्या यंत्रमागाचे आवाज घेऊन ८ मिनिटांची इलेक्ट्रोअकूस्टिक (रेकॉर्ड केलेले आवाज कापून, बदलून, स्पीकरांवर ऐकवायची) रचना करतेय. ऐकवायची चार स्पीकरांवर, आणि शेवटच्या अडीच मिनिटांत एक गायिका समोर बसून आकार (शब्दांशिवाय नुसता 'आ') लावणार. तिची पट्टी काळी पाच, म्हणजे तिचा सा पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर.

हाताशी आहे ते असं. शेडच्या दारात रेकॉर्डर धरून घेतलेली २५ मिनिटं, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आत १६ माग चालू. शिवाय एका मागाच्या सांगाड्याला २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपनांची वीज करणारी) चिकटवून रेकॉर्डरच्या माइक जॅकमधून घेतलेली १० मिनिटं. त्या मागाचा वेग मोजला तर मिनिटाला ११० ठोके भरतात. काम रीपर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चाललंय.

दारातलं रेकॉर्डिंग ८ पट ताणलं, ३ सप्तकं खाली नेलं, उलटं फिरवलं, रिव्हर्बमध्ये (कृत्रिम घुमाऱ्यात) बुडवलं, तरी शेवटी एकच करडा धूर उरतो. पिझोमधून नुसती टिकटिक येते, लोखंडाचा गंभीर आवाज नाहीच. आणि जिथे आवाज स्वच्छ आहे तिथे ऐकणारा पहिल्या दोन सेकंदांत "माग चाललाय" म्हणतो आणि पुढे दुसरं काही ऐकतच नाही. गायिकेच्या पट्टीशी माग कसा जुळवायचा तेही सांगा.

सभागृह शाळेचं आहे: १४ मीटर लांब, ९ रुंद, ४.५ उंच, भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली शहाबादी फरशी. टाळी वाजवली की दोन सेकंदांहून जास्त घुमते.

खर्ज_पंचम

ताई, धूर प्रोसेसिंगमुळे झालेला नाही, तो रेकॉर्डिंगमध्येच आहे. १६ माग गुणिले ११० म्हणजे मिनिटाला १७६० ठोके, सेकंदाला २९. एकेका ठोक्यात परत तीन-चार आवाज. एवढ्या दाटीत कुठल्याच आवाजाला सुरुवात आणि शेवट उरत नाही. ग्रॅन्युलर सिंथेसिस करणारे मुद्दाम आवाजाचे बारीक कण पेरून असाच ढग बांधतात, तुमच्या शेडने तो आयता बांधून दिलाय. ढग ताणला तर मोठा ढगच मिळणार. ती २५ मिनिटं फेकू नका, पण ते अस्तर आहे. पूर्ण रचनेत एकदाच, ४०-५० सेकंद वापरा, आणि त्याच्यावर कसलाही इफेक्ट टाकू नका.

रचना उभी राहील ती एकट्या मागावर. ११० ठोके म्हणजे एक ठोका ५४५ मिलिसेकंदांचा. त्या अर्ध्या सेकंदात धोटा (आडवा धागा घेऊन जाणारा) सुटतो, धावतो, पलीकडच्या पेटीत आदळतो आणि फणी पुढे येऊन धागा ठोकते. हे चार आवाज वेगळे कापा. कापताना दोन्ही टोकांना ३ ते ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळू चढवणं-उतरवणं) द्या, नाहीतर प्रत्येक तुकड्याला कापल्याची टिक चिकटते आणि पुढे ताणल्यावर तीच टिक फुगून वर येते. असे १५-२० तुकडे पुरे आहेत, २०० नकोत. प्रत्येक तुकडा लूप करून किमान पाच मिनिटं ऐका. दोन मिनिटांनी तुम्हाला धोटा ऐकू येणं थांबेल आणि आवाजाचं अंग दिसायला लागेल: वरचा खरखरीत थर, मधली किणकिण, आणि खाली सांगाड्याचा एक सावकाश विरणारा सूर.

"माग चाललाय" ही अडचण या कलेइतकीच जुनी आहे. प्येर शेफर यांनी पॅरिसच्या रेडिओ स्टुडिओत १९४८ साली रेल्वे इंजिनांच्या आवाजांवर रचना केली तेव्हा त्यांच्यापुढेही हेच होतं: ऐकणाऱ्याला आगगाडीच दिसते. त्यांना दोन वाटा सापडल्या. एक म्हणजे बंद खोबणीची तबकडी, एकच तुकडा फिरून फिरून वाजत ठेवायचा, अर्थ गळून पडेपर्यंत. दुसरी तुमच्या जास्त कामाची: घंटेच्या आवाजातला सुरुवातीचा आघात कापून टाकला तर उरलेला आवाज घंटेचा वाटत नाही, फुंकवाद्यासारखा वाटतो. वस्तूची ओळख मुख्यतः आघातात असते. पेटीत धोटा आदळतो त्याचे पहिले ३० मिलिसेकंद उडवा, उरलेल्या भागाला ४० मिलिसेकंदांचा फेड-इन द्या. माग गायब होईल, लोखंड उरेल.

ताणण्याबद्दल. सूर न बदलता आवाज ताणणारा फेझ व्होकोडर आवाजाला छोट्या तुकड्यांत, म्हणजे खिडक्यांत चिरून प्रत्येक खिडकीतला वर्णपट (कुठला स्वर किती) मोजतो. ४८ किलोहर्ट्झला ४०९६ सॅम्पलांची खिडकी म्हणजे ८५ मिलिसेकंद. तुमचा आघात ५ मिलिसेकंदांत उरकतो, म्हणजे तो सगळ्या ८५ मिलिसेकंदांत पसरतो आणि ८ पट ताणल्यावर पाऊण सेकंदाचा फराटा होतो. म्हणून आघात आणि शेपूट आधी वेगळे करा, फक्त शेपूट ताणा, आणि ताणलेल्या शेपटीच्या तोंडाशी मूळ आघात न ताणता परत बसवा किंवा मुद्दाम बसवू नका. तुमच्या तक्रारीतला निम्मा गढूळपणा एवढ्यानं जाईल.

सोल्डर_आणि_सूर

पिझोचं उत्तर देतो. चकती चांगली आहे, जॅक चुकीचा आहे.

२७ मिलिमीटरची चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. हँडी रेकॉर्डरच्या माइक जॅकचा इनपुट रोध २ किलो-ओहमच्या आसपास असतो. दोन्ही मिळून हाय-पास फिल्टर (खालचे स्वर अडवणारी गाळणी) होतो, आणि त्याचा कट, म्हणजे आवाज गळायला लागतो ती जागा: १ भागिले (२ पाय × २००० × २० नॅनोफॅरड), म्हणजे जवळजवळ ४००० हर्ट्झ. त्याच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबल उतार. १२५ हर्ट्झला ३० डेसिबल गेले. म्हणून टिकटिक.

यावर तीन उपाय आहेत. ऑडिओ इंटरफेसचा गिटारसाठीचा १ मेगाओहम इनपुट वापरला तर कट ८ हर्ट्झवर येतो, म्हणजे प्रश्नच मिटला. पण मग लॅपटॉप शेडमध्ये न्यावा लागतो आणि तिथली कापसाची पिंज त्याच्या पंख्यात जाते. दुसरा म्हणजे जेफेटचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) एक टप्पा: गेटला जमिनीकडे १० मेगाओहम, ९ व्होल्टची बॅटरी, सोर्स फॉलोअर, बाहेर पडताना १० मायक्रोफॅरड. हे हलक्या आवाजांसाठी उत्तम. मागावर मात्र पिझो काही व्होल्टपर्यंत उसळतो आणि हा टप्पा फाटतो.

तिसरा उपाय सगळ्यात सोपा आणि मागासाठी सगळ्यात योग्य. चकतीला समांतर १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर टाका, इलेक्ट्रोलिटिक नको. आता एकूण कपॅसिटन्स १.०२ मायक्रोफॅरड, त्याच २ किलो-ओहमवर कट ७८ हर्ट्झला. बदल्यात पातळी ३४ डेसिबलने उतरते. गाण्यासाठी हा तोटा परवडला नसता, मागाला परवडतो; व्होल्टचे वीस-पन्नास मिलिव्होल्ट होतात आणि माइक जॅकला तेवढेच हवे असतात. ७८च्या खालीही आवाज एकदम तुटत नाही, हळू उतरतो.

जोडताना तीन गोष्टी सांभाळा. पांढऱ्या सिरॅमिकवर सोल्डरिंगची इस्त्री एक-दीड सेकंदापेक्षा जास्त टेकवली तर चांदीचा थर उचलला जातो आणि चकती कायमची कमजोर होते. केबल शील्डची, दोन मीटरच्या आत, शील्ड चकतीच्या पितळेला. आणि पितळ मागाच्या लोखंडाला उघडं टेकता कामा नये, मध्ये इन्सुलेशन टेपचा एक थर हवा. नाहीतर मोटरची अर्थिंग आणि रेकॉर्डर यांची गाठ पडून ५० हर्ट्झचा हम बसतो. फोमची दुहेरी टेप वापरली असेल तर तीही काढा, फोम वरचे स्वर खातो आणि उन्हाळ्यात शेडच्या उष्णतेने सुटतोही. छोटा सी-क्लॅम्प घ्या. रेकॉर्डरमधला प्लग-इन पॉवर (जॅकमधून माइकला दिली जाणारी वीज) बंद ठेवा.

पूर्वभाग

रेकॉर्डिंग परत करणार असाल तर शेडमधल्या गोष्टी सांगतो.

मालकाला विचारून जेवणाच्या सुट्टीत एकच माग चालू ठेवून घ्या. आणि जॉबरला (माग लावून देणाऱ्या मिस्त्रीला) दोन गोष्टींची विनंती करा. पहिली: मोटर बंद ठेवून माग हाताने सावकाश फिरवायचा. जे चार आवाज कापायला वर सांगितलंय ते अशा वेळी आपोआप सुटे मिळतात, वर जकार्डच्या सुया उचलल्या जातात त्याची खसखस पण मिळते, जी चालू मागात कधीच ऐकू येत नाही. दुसरी: माग सुरू होताना आणि थांबताना. पट्टा पकड घेतो तो पहिला दीड-दोन ठोक्यांचा काळ आणि ब्रेक लागल्यावरचा शेवटचा अर्धवट ठोका. असं सुरू-बंद दहा वेळा घ्या. चालू मागाची तासभर फाइल असून उपयोग नाही, या दहा सुरुवाती सोन्यासारख्या आहेत.

माइक फणीच्या बाजूला, ४०-५० सेंटिमीटरवर. धोट्याच्या रेषेत, म्हणजे मागाच्या दोन्ही टोकांना, स्टँड लावू नका आणि स्वतःही उभ्या राहू नका. धोटा कधीकधी पेटी चुकवून बाहेर उडतो आणि तो लाकडाचा, लोखंडी टोकाचा असतो. ओढणी, मोकळी केबल पट्ट्यापासून लांब. माइकवर फोमची टोपी वाऱ्यासाठी नाही, पिंजेसाठी घाला.

गेन एवढा कमी की सगळ्यात मोठा आघात वजा १२ डेसिबलच्या वर जाणार नाही, लिमिटर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) बंद. लिमिटर चालू असेल तर तो प्रत्येक आघात दाबून पाठोपाठची शेपूट वर खेचतो, मग आघात-शेपूट वेगळं करण्यात काही अर्थ राहत नाही. ९६ किलोहर्ट्झला घ्या. ४८ वर घेतलेला आवाज दोन सप्तकं खाली नेला की ६ किलोहर्ट्झच्या वर काहीच शिल्लक राहत नाही. ९६ ला माइकने वरचं पकडलेलं असेल तर १२ पर्यंत मिळतं. फक्त वर सांगितलेली ४०९६ ची खिडकी मग ४३ मिलिसेकंदांची होते, तेवढं लक्षात ठेवा.

कानात प्लग घालूनच आत जा. कारखान्यांच्या नियमात ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि मागाची शेड ती सहज ओलांडते. प्लग घातले नाहीत तर त्या दिवशी एडिटिंगला बसू नका. कान तात्पुरते बोथट झालेले असतात, वरचे स्वर कमी ऐकू येतात, आणि आपण नकळत ते वाढवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ऐकलं की सगळं टोचतं.

आडवा_धागा

खूप कळलं. १ मायक्रोफॅरड टाकून पाहिला, खालचा घुमारा आला! आता सुराचं सांगा. मागाचा ताल वेगवान करत नेला तर त्याचा सूर होतो असं वाचलंय. तो काळी पाचला नेता येईल का? पूर्ण फाइल ३२ पट वेगाने वाजवली तर काहीतरी बोदं गुरगुरणं येतं आणि ते हलतंही.

खर्ज_पंचम

नेता येतो, आणि तुमचा माग नशीबवान आहे. ११० ठोके मिनिटाला म्हणजे १.८३३ हर्ट्झ. पाच सप्तकं वर, म्हणजे ३२ पट, ५८.६७ हर्ट्झ. खर्जातली काळी पाच ५८.२७ हर्ट्झला असते. तुमचा माग जेमतेम १२ सेंट चढा (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). गायिकेचा मध्य षड्ज याच्या बरोबर दोन सप्तकं वर.

ताल आणि सूर ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत हे श्टोकहाउझेन यांनी कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत केलेल्या 'कोन्टाक्टे' या १९५८-६०च्या रचनेत ऐकवलं: एक सूर घसरत खाली येतो आणि सुटे ठोके होऊन पडतो. तुम्हाला उलटं चढायचंय.

पण फाइल ३२ पट वेगाने वाजवणं हा चुकीचा रस्ता, कारण ठोक्यांबरोबर त्यांच्या आतले स्वरही पाच सप्तकं वर जातात. मूळ आवाजात ६२५ हर्ट्झच्या वर जे काही होतं ते सगळं २० किलोहर्ट्झच्या पलीकडे गेलं. उरला तळाचा गाळ, म्हणून बोदं. हलतं कारण माग घड्याळ नाही. पट्टा सरकतो, व्होल्टेज पडतं. वेग १०८ ते ११२ मध्ये फिरला तरी सुरात ६३ सेंटचा, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त फरक.

त्याऐवजी एकच ठोका घ्या, फणीचा, आणि तो जसाच्या तसा ठेवून दोन ठोक्यांमधलं अंतर कमी करत न्या. प्युअर डेटा या आवाजाच्या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका फेझरवर (phasor~, ठरलेल्या वेगाने फिरत राहणाऱ्या मोजणीवर) हे होतं. सुरुवातीला अंतर ५४५ मिलिसेकंद, शेवटी १७. तुकडा २०० मिलिसेकंदांचा असेल तर पुढचा ठोका आला की आधीचा मध्येच कापला जातो आणि प्रत्येक वेळी टिक येते. म्हणून त्याच ठोक्याच्या बारा प्रती आळीपाळीने वाजवा म्हणजे शेपट्या एकमेकांवर चढतील, किंवा वेगाबरोबर तुकड्याचं एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार) आखूड करत न्या. मला पहिलं आवडतं, सूर भरदार होतो. ठोक्यांची दाटी ३२ पट वाढली की पातळी साधारण १५ डेसिबल वर जाते, तेवढा फेडर सरकत्या हाताने खाली आणा, नाहीतर ऐकणाऱ्याला सूर लागल्याचं नाही, दणका बसल्याचं कळतं.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं. पाच सप्तकांना सारखा वेळ देऊ नका. पहिली तीन सप्तकं, १.८ पासून १४.७ हर्ट्झपर्यंत, नुसतं "वेग वाढतोय" एवढंच ऐकू येतं. प्रत्येकी ८ सेकंद पुरेत. चौथं सप्तक, १४.७ ते २९.३, इथे ठोके मोजता येईनासे होतात आणि सूर अजून झालेला नसतो. कान दोन्हींच्या मध्ये अडकतो. तिथे २० सेकंद रेंगाळा. शेवटच्या सप्तकाला ११. बेरीज ५५ सेकंद. गायिका ५:३० ला येणार असेल तर ४:३५ ला चढण सुरू करा.

पूर्वभाग

यात एक भर घालतो. हा टॉवेलचा माग आहे, साध्या कापडाचा नाही. टॉवेलच्या फुगऱ्या धाग्यासाठी फणी दोन धाग्यांना अर्धवट अंतरावर ठोकते आणि तिसऱ्याला पूर्ण पुढे येऊन तिन्ही धागे एकत्र दाबते. म्हणजे ठोके एकसारखे नाहीतच: हलका, हलका, जड. तुम्ही पिझो नीट लावल्यावर हे अगदी स्पष्ट ऐकू येईल, जडाचा खालचा घुमारा वेगळा आहे. एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजवला तर टॉवेलच्या मागाची ही खूणच पुसली जाते.

खर्ज_पंचम

ही भर फार मोलाची आहे, माझं उत्तर बदलतो.

तीन ठोक्यांची ती साखळी (हलका, हलका, जड) तशीच ठेवून वर नेली तर पुनरावृत्तीचं खरं एकक ठोका राहत नाही, तीन ठोक्यांचा गट होतो. ५८.६७ भागिले ३, १९.५६ हर्ट्झ. म्हणजे सुराच्या पोटात १९.५६, ३९.१, ५८.७ अशी १:२:३ ची शिडी तयार होते. ३९.१ म्हणजे काळी दोन. मागाचा स्वतःचा षड्ज काळी दोन निघाला आणि आपण ज्याला काळी पाच म्हणत होतो तो त्याचा पंचम.

गायिकेच्या बाजूने बघा. तिचा सा काळी पाच, मग काळी दोन हा तिचा मध्यम. माग तिच्यासाठी मध्यमात लावलेला तंबोरा झाला! आणि शुद्ध, ३:२ च्या नात्याचा. मालकंस किंवा बागेश्रीच्या अंगाने ती आकार लावणार असेल तर याहून चांगला आधार नाही. पंचमाचा तंबोरा गृहीत धरून ती तयारी करत असेल तर मात्र ऐनवेळी खाली मध्यम ऐकून तिचा सा डळमळेल, आपलाच सा पंचम वाटायला लागेल. तिला आधी सांगा, आणि हा सुराचा भाग दोन आठवडे आधी रियाजाला द्या.

दोन्हींचा वापरही करता येईल. चढणीत एकसारखा ठोका ठेवा म्हणजे काळी पाच स्वच्छ लागते आणि ती त्यावर सा लावते. साधारण ६:३० ला, ४०-४५ सेकंद घेऊन, एकसारख्या ठोक्यांच्या जागी हलका-हलका-जड आणा. फक्त दर तिसऱ्या ठोक्याची पातळी अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी वाढवत न्या. खालून मध्यम उगवत येतो. तिने काहीच बदललेलं नसतं, तिच्या त्याच स्वराचा अर्थ बदलतो. माझ्या मते तुमच्या रचनेचा कणा हाच आहे आणि बाकीची साडेसहा मिनिटं त्याच्याकडे नेणारी हवीत. १:१० पर्यंत हाताने फिरवलेल्या मागाचे सुटे आवाज, ताल अजिबात नाही. मग सुरू होता होता थांबणारा माग, पाच-सहा वेळा, दर वेळी एकेक ठोका पुढे जाणारा. अडीच मिनिटांच्या सुमारास तो खरोखर चालू होतो, ऐकणाऱ्याला "माग" म्हणू द्या. १६ मागांचं अस्तर साडेतीनच्या आसपास. मग ते तोडून आघात नसलेल्या लोखंडी शेपट्या, आणि चढण.

एक तांत्रिक टीप. मूळ तुकड्यांतला मोटरचा ५० हर्ट्झचा हम काढून घ्या, ५०, १०० आणि १५० ला अरुंद नॉच (तेवढाच स्वर कापणारा फिल्टर), क्यू म्हणजे अरुंदपणा ३०च्या आसपास. नाहीतर तो हम प्रत्येक तुकड्याबरोबर पुन्हा पुन्हा वाजत राहतो.

घुमट

सभागृहाकडे वळू. घनफळ ५६७ घनमीटर. घुमारा काढायच्या सॅबाइनच्या सूत्राने ०.१६१ × ५६७ = ९१, त्याला शोषणाने भागायचं; उघड्या गिलाव्याच्या रिकाम्या हॉलमध्ये शोषण ४० चौरस मीटर धरलं तर घुमारा २.३ सेकंद. तुम्ही टाळीने जे मोजलंय त्याच्याशी जुळतं.

शोषक म्हणून सोलापुरी चादरी वापरा, त्या इथे भाड्यानेसुद्धा मिळतील. सपाट ताणून लावू नका. ६० बाय ९० इंचाची चादर साडेतीन चौरस मीटर भरते. चुण्या घालून निम्म्या जागेत टांगा आणि भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून. हवेच्या कणांची हालचाल भिंतीला चिकटून जवळपास शून्य असते, म्हणून भिंतीला टेकलेलं कापड फार थोडं शोषतं. अशा २४ चादरींनी मधल्या स्वरांत अंदाजे २० चौरस मीटरची भर पडते, घुमारा दीड सेकंदावर येतो. ६० माणसं बसली की एक सेकंदाच्या जवळ. २०० हर्ट्झच्या खाली मात्र चादरीचा काही उपयोग होत नाही, तिथला घुमारा तसाच राहतो. म्हणजे तुमचा काळी दोनचा मध्यम हॉलमध्ये आपोआप फुगेल. मिक्समध्ये तो घरी वाटतो त्यापेक्षा ३-४ डेसिबल कमी ठेवा आणि तिथे जाऊन ठरवा. आणि मिक्समधला रिव्हर्ब पूर्ण काढा. हॉल तो देणारच आहे.

चार स्पीकर कोपऱ्यांत, भिंतीपासून मीटरभर आत. कोपऱ्याजवळच्या खुर्चीपासून जवळचा स्पीकर २ मीटरवर, समोरचा १२ मीटरवर. सोलापूरच्या ४० अंशांत आवाज सेकंदाला ३५५ मीटर जातो, म्हणजे दोघांत २८ मिलिसेकंदांचा फरक. लांब, मऊ आवाजाला हा चालतो, फक्त तो जवळच्या स्पीकरमधूनच आल्यासारखा वाटतो. धोट्याच्या आघाताला चालत नाही, तो "टटाक्" असा दुहेरी ऐकू येतो. म्हणून सगळे तीक्ष्ण आघात एका वेळी एकाच स्पीकरमधून. धोटा डावीकडून उजवीकडे धावतो तसा आवाज सरकवायचा मोह होईल. पॅन करू नका, सुटण्याचा आवाज एका स्पीकरला आणि आदळण्याचा दुसऱ्याला द्या, मधला प्रवास कान स्वतः भरून काढतो. आघात नसलेल्या शेपट्या चारही स्पीकरांत, पण त्याच शेपटीच्या चार वेगवेगळ्या ताणलेल्या प्रती, एकच प्रत चौघांना नाही.

गायिकेचा आवाज त्याच हॉलमध्ये विनामाइक ठेवला तर ती आणि माग वेगवेगळ्या खोल्यांत असल्यासारखे वाटतात. कार्डिऑइड (फक्त समोरचं जास्त पकडणारा) माइक, पुढच्या दोन स्पीकरांत अगदी थोडं, एवढं की बंद केलं तरच फरक कळावा. तिला बसवायचं त्या दोन स्पीकरांच्या रेषेच्या मागे, नाहीतर माइक शिट्टी मारेल. तिच्यासमोर मोठ्या अंकांचं घड्याळ ठेवा. हेडफोनवर क्लिक देऊ नका, आकारात क्लिक शिरते.

आडवा_धागा

एवढं घेऊन बसते आता. शेवटचं एक: एप्रिलमध्ये पंख्यांशिवाय कुणी बसणार नाही. पहिला मिनिटभर खसखस आहे, ती पंख्यात जाईल ना?

घुमट

जाईल. हॉल रिकामा असताना सगळे पंखे नेहमीच्या वेगावर लावून मधल्या रांगेत डेसिबल मोजा. समजा ५० आले, तर तुमचा सगळ्यात हलका आवाज त्याच जागी ६० च्या आसपास यायला हवा. मग जास्तीत जास्त ९२-९५ धरले तरी हाताशी ३५ डेसिबल राहतात, या रचनेला तेवढे पुरतात. दुसरं म्हणजे पंख्यांचा गोंगाट खालच्या आणि मधल्या पट्ट्यात असतो. सुयांच्या खसखशीतला ४ किलोहर्ट्झच्या वरचा भाग ३ डेसिबल उचला, तो पंख्यांच्या वरून निघून जातो. तारीख जानेवारीत हलवायचा विचार असेल तर गड्ड्याचे (सिद्धेश्वर यात्रेचे) दिवस टाळा, हॉल होम मैदानाच्या आसपास असेल तर बाहेरचे भोंगे पंख्यांपेक्षा वाईट.

पूर्वभाग

आणि हाताने फिरवण्याचं रेकॉर्डिंग करताना शेडमधलेही पंखे बंद करून घ्या, ती खसखस फार बारीक आहे. जॉबरला धोट्यातली धाग्याची कांडी काढून एक फेरी करायला सांगा, मग कांडी घालून परत. रिकामा धोटा पोकळ वाजतो, भरलेला दबका. एकाच जागेचे दोन आवाज मिळतील, तुमच्या पहिल्या मिनिटाला उपयोगी पडतील.